नवे-जुने : निफाड तालुक्यातील शेतकऱ्याची पत आणि दुसऱ्या कर्जाची वेळ
(पिंपळगाव बसवंत परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण कर्जबाजारीपणावर विपुल लेखन झाले आहे. सावकारी, सहकार आणि कर्जमाफी हे त्याचे ठरलेले विषय होत. या लेखनाचा भर मुख्यतः शेतकरी कर्जात का पडतो आणि त्यातून त्याला कसे सोडवावे यावर राहिला. एकदा थकलेल्या किंवा नुकत्याच फिटलेल्या कर्जानंतर पुन्हा कर्ज केव्हा मागावे, हा प्रश्न मात्र अभ्यासकांपेक्षा कर्जदाराच्याच वाट्याला आला. शहरातील नोकरदाराला तो आज दुसरे क्रेडिट कार्ड मागताना पडतो. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराला तो दरवर्षी मार्चअखेरीस पडतो, आणि त्याच्या पणजोबालाही सावकाराच्या ओट्यावर तो पडतच होता.

या व्यवहाराला दख्खनच्या ग्रामीण बोलीत ‘नवे-जुने करणे’ असे नाव आहे. जुने खाते फेडल्याचे दाखवून त्याच दिवशी किंवा थोड्याच दिवसांत नवे कर्ज उचलायचे, असा त्याचा अर्थ. जुने कर्ज आणि नवे कर्ज यांच्यातील अंतर कोण ठरवतो, या एका प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात सुमारे दीडशे वर्षांच्या पतव्यवहाराचा विचार केला आहे. हे अंतर पिकाच्या हंगामावरून क्वचितच ठरले. बहुतेक वेळा ते कायद्याच्या मुदतीने, संस्थेच्या हिशेबवर्षाने किंवा सरकारी निर्णयातील एखाद्या तारखेने ठरवले, असे दिसून येते.

तीन वर्षांचा रोखा

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या साध्या कर्जाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मर्यादा घातली. जुनी, न संपणारी देणी कुळाच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहू नयेत, हा त्यामागील हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात मात्र त्याचा परिणाम उलट झाला. मुदत संपण्याआधी सावकार कुळाला बोलावून घेई, साचलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नवा रोखा लिहून घेई. कूळ बहुधा निरक्षर असे. रोख्यावर त्याची निशाणी होई.

या फेरलेखनाचे गणित पाहिल्याशिवाय त्याचे गांभीर्य लक्षात येत नाही. उदाहरणादाखल शंभर रुपये मुद्दल आणि दरसाल दर शेकडा चोवीस व्याज धरू. तीन वर्षांनी बहात्तर रुपये व्याज होऊन नवा रोखा १७२ रुपयांचा होतो. आणखी तीन वर्षांनी तो सुमारे २९६ चा आणि नऊ वर्षांअखेर सुमारे ५०९ रुपयांचा. हिंदू व्यवहारशास्त्रातील दामदुपटीच्या तत्त्वानुसार एका वेळी मुद्दलाइतक्याहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये हे तत्त्व मान्य करीत. जुना रोखा तसाच राहिला असता तर कुळाकडून एका वेळी दोनशेच्या वर मागता आले नसते. रोखा बदलताच मुद्दल नवे झाले आणि दामदुपटीचे संरक्षण नव्या आकड्यापासून मोजले जाऊ लागले. कर्जदाराला वाचवणाऱ्या दोन व्यवस्था, एक परंपरेची आणि एक इंग्रजी कायद्याची, एकमेकींशी अशा भिडल्या की त्यांच्या सांध्यातच कर्जदार चिरडला गेला.

तरीही कूळ रोख्यावर निशाणी करीत असे, ते केवळ अज्ञानामुळे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आषाढात घरात धान्य नसे. बियाणे आणि खावटी सावकाराकडूनच यायची. जुने खाते वादात टाकले तर नवी उचल बंद होई. म्हणजे पुढच्या हंगामाच्या कर्जाची किंमत मागच्या हंगामाच्या रोख्यात चुकवली जात होती. कुळापुढे पर्याय होता तो थांबण्याचा. पण एक हंगाम थांबण्याइतकी पुंजी ज्याच्याजवळ होती त्याला मुळात सावकाराची गरज नव्हती.

१८६० च्या दशकात लोहमार्ग निफाड, लासलगावमार्गे पुढे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, शेतकऱ्याची पत एकाएकी वाढली आणि सावकारांनी हात सैल केले. युद्ध संपल्यावर भाव उतरले. वाढलेली देणी मात्र उतरली नाहीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला, तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, आणि जमावाचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर व वह्यांवर होता, ही बाब सर्वज्ञात आहे. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने तीन वर्षांच्या मुदतीचा आणि रोख्यांच्या वारंवार फेरलेखनाचा संबंध स्पष्टपणे नोंदवला.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा सुरुवातीस पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. पुढे त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, आणि दाव्याची मुदत नोंदणीकृत दस्तासाठी बारा व इतर बाबतींत सहा वर्षे केली. फेरलेखनाची घाई त्यामुळे कमी व्हावी अशी अपेक्षा होती. सावकारांनी मात्र गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट शोधली. पूर्वी कर्जदाराच्या नावावर निदान जमीन तरी राहत असे, आता तीही कागदोपत्री गेली. जुने कर्ज कमी करण्याची ताकद कायद्यात होती, पण नवे कर्ज कोण देणार याचे उत्तर त्यात नव्हते. १९३९ च्या मुंबई कृषी ऋणको साहाय्य कायद्यासंबंधी आणि १९७५ च्या महाराष्ट्र कर्ज निवारण कायद्यासंबंधीही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येते.

सोसायटी आणि मार्चअखेर

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सावकाराला पर्याय उभा करण्याचा प्रयत्न केला. त्याची गती किती मंद होती हे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले. १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सहकाराचा वाटा केवळ सुमारे तीन टक्के होता. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे सत्तर टक्के कर्ज पुरवीत होते. त्यानंतर महाराष्ट्रात राज्य बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि गावची विविध कार्यकारी सोसायटी अशी त्रिस्तरीय रचना विस्तारली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ नुसार सभासदाने इकरार करून द्यायचा, त्याचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांत चढवायचा, कर्ज मर्यादा पत्रकानुसार पीककर्ज मिळवायचे आणि थकल्यास कलम १०१ चा वसुली दाखला निघायचा, ही पद्धत निफाड तालुक्यातील शेतकऱ्याला पाठ आहे.

या तालुक्याचे पीकमान लक्षात घेतले म्हणजे मार्चअखेरची अडचण समजते. ओझर येथे १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षलागवड सुरू केली असे मानले जाते. पिंपळगाव, ओझर, निफाड हा पट्टा पुढे द्राक्षासाठी प्रसिद्ध झाला. पिंपळगाव बसवंतची बाजार समिती कांदा आणि टोमॅटो या दोन्ही पिकांच्या उलाढालीसाठी राज्यभर ओळखली जाते. एप्रिलमधील खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी या दोन टप्प्यांवर बागेला पैसा लागतो. औषधफवारणीचा खर्च थंडी संपेपर्यंत थांबत नाही. माल जानेवारी ते एप्रिल या काळात निघतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघून चाळीत जातो आणि भाव पाहून पावसाळ्यापर्यंत, कधी दिवाळीपर्यंत विकला जातो.

बँकेचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते, आणि सोसायटीची वसुली याच सुमारास टिपेला पोहोचते. बागेचा निम्मा माल वेलीवर, विकलेल्या मालाचे पैसे व्यापाऱ्याकडे आणि कांदा अजून जमिनीत, अशा अवस्थेत शेतकऱ्याने कर्ज फेडायचे असते. तो आडत्याकडून किंवा नातेवाइकाकडून चार-आठ दिवसांसाठी हातउसने पैसे घेतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज मंजूर होताच ते परत करतो. सचिवाच्या दप्तरात वसुली शंभर टक्के दिसते आणि शेतकरी नियमित परतफेड करणारा ठरतो. ही तडजोड अप्रामाणिक आहे असे म्हणणाऱ्याने वेलीवरच्या घडांना तारीख कळत नाही हे लक्षात घ्यावे.

नियमित राहण्याचा लाभही लहान नाही. केंद्राच्या व्याजसवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते आणि मुदतीत फेडणाऱ्याला आणखी तीन टक्के सूट मिळून ते चार टक्क्यांवर येते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे हे व्याज शून्यावर आणले. एक तारीख चुकली की हे सारे जाते. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले ते हंगामागणिक नवा अर्ज टाळण्यासाठी. मंजूर मर्यादेत हवे तेव्हा उचलावे आणि हवे तेव्हा भरावे ही त्यातील कल्पना नगदी पिकांच्या पट्ट्याला सोयीची होती. हे कार्ड बराच काळ प्रत्यक्षात पासबुकच होते, आणि मर्यादेचे वार्षिक नवे-जुने त्यातही शिल्लक राहिले.

निसर्गाच्या आपत्तीसाठी बँकव्यवस्थेने एक वेगळी वाट ठेवली आहे, ती म्हणजे पुनर्गठन. २०१५ पासून तेहतीस टक्के किंवा अधिक पीकहानी झाल्यास पीककर्जाचे मुदत कर्जात रूपांतर करून ते कमाल पाच वर्षांपर्यंत विभागता येते आणि नव्या हंगामासाठी नवे पीककर्जही देता येते. तत्त्वतः जुन्या आणि नव्या कर्जातील अंतर पिकाच्या हानीवरून ठरवणारी ही एकमेव व्यवस्था होय. तिचाही प्रारंभ सरकारी आपत्ती-घोषणेने होतो. २०१० साली युरोपात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले, तेव्हा झालेली हानी पावसाची नव्हती, बाजाराची होती. सप्टेंबर २०२० मधील आणि ७ डिसेंबर २०२३ ते ३ मे २०२४ या काळातील कांदा निर्यातबंदीने झालेले नुकसानही आपत्तीच्या व्याख्येत बसत नाही. माल नेऊन पैसे न देता पसार होणाऱ्या द्राक्षव्यापाऱ्यांच्या तक्रारी नाशिक जिल्ह्यात जवळपास दर हंगामात होतात. व्यापारी थकला म्हणून बागायतदार थकतो. थकबाकीदाराच्या यादीत नाव मात्र एकाचेच येते.

माफीच्या तारखा

कर्जमाफीने पतव्यवहारात एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे मागील तारीख. २००८ च्या केंद्रीय योजनेत ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेली, ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेली आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न भरलेली कर्जे पात्र होती. राज्याच्या २०१७ च्या योजनेत ३० जून २०१६ रोजीची थकबाकी आणि दीड लाखांची मर्यादा होती. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ही तारीख आणि दोन लाखांची मर्यादा होती. ज्याने हातउसने करून मार्चमध्ये नवे-जुने केले तो या कोणत्याही तारखेला थकबाकीदार नव्हता. साहजिकच मूळ माफीतून तो वगळला गेला. २०१७ मध्ये त्याला कमाल पंचवीस हजारांचा आणि २०१९ च्या योजनेखाली पन्नास हजारांपर्यंतचा प्रोत्साहनपर लाभ जाहीर झाला, पण दुसऱ्या लाभाचे वाटप सुरू होण्यास २०२२ साल उजाडले.

दुसरे कर्ज केव्हा, या प्रश्नाचे नेमके उत्तर नियमात लिहिण्याचा प्रयत्न २००८ च्या योजनेत आढळतो. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचे कर्ज पूर्ण माफ होऊन तो नव्या कर्जास पात्र ठरत होता. त्याहून अधिक जमीन असलेल्याला एकरकमी परतफेडीत पंचवीस टक्के सवलत होती. त्याने आपल्या वाट्याचा एक तृतीयांश भरला की नवे पीककर्ज मागता येई, गुंतवणुकीचे नवे कर्ज मात्र पूर्ण वाटा भरल्यावरच. पत टप्प्याटप्प्याने परत येते, आधी हंगामापुरती आणि मग दीर्घ मुदतीची, ही समज या तरतुदीत दिसते. पुढील राज्य योजनांत ती इतक्या स्पष्टपणे उतरली नाही, ही खेदाची बाब म्हणावी लागेल.

नवे-जुने करण्याच्या प्रथेचा सर्वांत कठीण प्रसंग नाशिक जिल्ह्यात नोटाबंदीनंतर आला. १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली, आणि स्वीकारलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्यास परवानगी मिळाली ती जून २०१७ मध्ये. आधीच थकबाकीने वाकलेल्या नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत ठेवीदारांना स्वतःचे पैसे मिळेनासे झाले आणि पुढे तिच्यावर प्रशासक नेमावा लागला. शेतकऱ्याच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ वेगळा होता. नवे-जुने हा दोन बाजूंचा करार होता : तू भर, मी लगेच देतो. बँकेकडे द्यायला पैसा नाही हे कळताच भरणाऱ्याचा हात आखडला. भरलेले पैसे गेले आणि नवे कर्ज आले नाही तर छाटणीला काय करायचे, ही भीती निराधार नव्हती. वसुली घटली, त्यामुळे वाटप घटले, त्यामुळे वसुली आणखी घटली. या चक्राचे वर्णन ‘माफीच्या आशेने शेतकरी भरत नाही’ एवढ्या एका वाक्यात करण्याची प्रथा पडली. ते वर्णन अपुरे आहे.

वही आणि अहवाल

जिल्हा बँकेची वाट अरुंद झाल्यावर शेतकरी राष्ट्रीयीकृत व खाजगी बँकांकडे, सोनेतारणाकडे आणि पतसंस्थांकडे वळला, आणि तेथे त्याची गाठ पत-माहिती अहवालाशी पडली. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली. २००५ च्या पत-माहिती कंपन्या कायद्याने या व्यवसायाला चौकट दिली आणि २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह सर्व पतसंस्थात्मक घटकांना चारही पत-माहिती कंपन्यांचे सभासद होण्यास सांगितले. तीनशे ते नऊशे या पट्टीतील गुणांक गावात ‘सिबिल’ या एकाच नावाने ओळखला जातो. ‘त्याचं सिबिल खराब आहे’ हे वाक्य आज पिंपळगावच्या बाजारात ‘त्याची पत गेली’ या जुन्या वाक्याच्या जागी येते. पण दोहोंत फरक आहे. सावकाराला आणि आडत्याला कुळाचे कर्ज का थकले हे ठाऊक असे, मग तो त्याचा उपयोग दयेने करो वा लबाडीने. अहवालात कारणाचा रकाना नाही. गारपिटीने थकलेला, व्यापाऱ्याने बुडवलेला आणि हेतुपुरस्सर न भरणारा हे तिघे तेथे एका रांगेत उभे राहतात. तडजोडीने मिटलेले खाते पूर्ण फेडलेल्या खात्यापेक्षा वेगळे नोंदले जाते आणि ही माहिती किमान सात वर्षे जपली जाते. १८५९ च्या तीन वर्षांच्या मुदतीशी तुलना केली असता स्मृती दुपटीहून लांबली आहे.

अर्ज करणे ही कृतीच या व्यवस्थेत नोंदली जाते, हे तिचे खरे वेगळेपण होय. पूर्वी एका सावकाराने नकार दिला तर दुसऱ्याकडे जाता येत असे आणि पहिल्याच्या वहीत त्याची खूण राहत नसे. आता बँकेने अर्जदाराचा अहवाल मागवला की चौकशीची नोंद पडते. जुनी थकबाकी नुकतीच मिटवलेला शेतकरी घाईने महिनाभरात तीन बँकांत अर्ज करतो, तेव्हा प्रत्येक अर्ज त्याची गरज अधिक ठळकपणे लिहून ठेवतो आणि पुढचा नकार अधिक संभाव्य करतो. हाच नियम शहरी क्रेडिट कार्डधारकालाही लागू आहे, परंतु दोघांच्या थांबण्यात फरक आहे. कार्डधारकाला सहा महिने थांबून, लहान रकमा वेळेवर भरून, आपला अहवाल सुधारल्यावर दुसरे कार्ड मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळत असल्याने तशी तपासणीही त्याला करता येते, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. बागायतदाराचे सहा महिने म्हणजे खरड छाटणीपासून गोडी छाटणीपर्यंतचा काळ. एवढा काळ भांडवलाविना गेला तर पुढील वर्षाची काडीच तयार होत नाही.

याचा अर्थ थांबणे त्याला अशक्यच आहे असा नव्हे. ज्या शेतकऱ्याकडे द्राक्षाबरोबर टोमॅटो किंवा कांदा आहे त्याला एका पिकाच्या पैशावर दुसऱ्या पिकाचे कर्ज मिटवून, सोसायटीचा बेबाकी दाखला (गावच्या भाषेत नील दाखला) हातात घेऊन, सातबारावरील बोजा उतरवून मगच नव्या बँकेकडे जाता येते. हा क्रम महत्त्वाचा आहे. दाखला मिळाला तरी बोजा कमी करण्याचा फेरफार मंजूर होईपर्यंत जमीन कागदावर अडकलेलीच असते, आणि अहवालातील नोंद सुधारण्यास आणखी वेळ लागतो. आधी अर्ज आणि मग कागद हा उलटा क्रम नकाराला निमंत्रण देतो. एकाच पिकावर विसंबलेल्या बागायतदाराला मात्र असा उसंतीचा हंगाम मिळत नाही, आणि तो पतसंस्थेकडे किंवा औषधविक्रेत्याच्या उधारीकडे वळतो. ही उधारी पत-अहवालात दिसत नाही. ती महाग असते आणि वेळेवर फेडली तरी तिने त्याची नोंदलेली पत सुधारत नाही.

राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या मे २०२५ मधील बैठकीत पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नये, असे मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावले. त्यापूर्वीही अशा सूचना दिल्या गेल्या होत्या. सूचना पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात यातच त्यांच्या अंमलबजावणीचे स्वरूप दिसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूर येथील आंदोलनानंतर राज्य सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन दिले. त्यामुळे पिंपळगावच्या शेतकऱ्यापुढे दोन तारखा आल्या : सोसायटीच्या वसुलीची ३१ मार्च आणि आश्वासनाची ३० जून. पहिल्या तारखेला भरणारा व्याजसवलत आणि नियमितपणा राखतो, पण थकबाकीदारांच्या यादीत तो नसतो. दुसऱ्या तारखेची वाट पाहणाऱ्याचे नाव यादीत येऊ शकते, पण त्याच्या खात्यावरील थकबाकीही तोवर अहवालात चढलेली असते. या दोन तारखांच्या मधल्या तीन महिन्यांतच खरड छाटणी येते.